सायकसच्या जाती: पश्चिम घाटात किती नावं खरी?

देवराई: 'भारतातले सगळे सायकस म्हणजे सर्सिनॅलिस, बाकी नावं पेपर छापायला काढलेली,' हे खोडवा यांचं वाक्य वाचून राहवलं नाही. सायकस म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या झाडांचा गट, सर्सिनॅलिस ही त्यातली एक जात. तिरुपतीच्या डोंगरांतली बेडोमी ही जात बघा, पर्णिका (पानाची सुटी पाती) जेमतेम ३-४ मिमी रुंद. आसामच्या पेक्टिनाटाच्या बीजपर्णाला (मादी झाडावरच्या बी धरणाऱ्या पानाला) कंगव्यासारखे लांब दाते, सर्सिनॅलिसचे आखूड. हे एक कसे?

खोडवा: बेडोमी, पेक्टिनाटा सोडले. माझा राग पश्चिम घाटावरच्या नावांवर आहे. २००६ मध्ये अन्नैकलेन्सिस, २००७ मध्ये इंडिका, २००८ मध्ये स्वामी. तीन वर्षांत तीन! सावलीत पर्णिका रुंद होतात, उन्हात अरुंद. शिवाय २०११ च्या जनुकीय अभ्यासानुसार आजच्या सायकॅड (सायकस आणि त्याचे भाऊबंद) जाती बहुतेक गेल्या सव्वा कोटी वर्षांतल्याच. इतक्या कोवळ्या जातींच्या सीमा पुसट असणारच.

देवराई: पानावरून जात ठरवतंय कोण? नर झाडही पुरेसं नाही. मादीचं बीजपर्ण आणि पिकलेलं बी लागतं. बागांतून 'सर्सिनॅलिस' पाटी लावलेली कित्येक झाडं रुम्फी या दुसऱ्या जातीची निघतात. वरचा गर काढून बी पाण्यात टाका. रुम्फीचं तरंगतं, सर्सिनॅलिसचं बुडतं.

कुंडीवाली: थांबा, ही चाचणी अशी अर्धी सांगू नका. फलन न झालेलं पोकळ बी सर्सिनॅलिसचंही तरंगतं. जवळ नर नसेल तर सगळंच पोकळ. बी उभं चिरा. कवचाच्या आत स्पंजासारखा थर दिसला तरच रुम्फीच्या गटातलं. आणि नावांवर एवढं भांडताय, तर नर्सरीवाले रेव्होल्युटाला (कुंडीत लावतात तो सायकस) 'सागो पाम' म्हणजे साबुदाण्याचा ताड म्हणून विकतात त्यावर कुणीच का बोलत नाही? तो पाम नाही, साबुदाणाही त्याचा नाही!

गावठी: लोकांच्या तोंडातलं नाव चूक कसं? सर्सिनॅलिसला आपण मलबारी सुपारी म्हणतोच, ती तरी कुठे सुपारी आहे?

कुंडीवाली: सुपारी म्हणून कुणी विकत नाही. 'सागो' ऐकून माणूस खायचं झाड समजतो. बियांत सायकॅसिन नावाचं विष असतं, यकृत निकामी करतं. कुत्र्यांना एकदोन बियाही पुरतात.

गावठी: केरळात सर्सिनॅलिसच्या बिया वाळवून, पाणी बदलत भिजवून पीठ करतात. जपानच्या दक्षिण बेटांवर रेव्होल्युटाच्या खोडाचा स्टार्च धुऊन खाल्लाय. म्हणजे 'सागो' अगदीच हवेतलं नाही.

कुंडीवाली: बरं, स्टार्चचं मान्य. पण कुंडीवरच्या चिठ्ठीत 'विषारी' लिहिलंच पाहिजे, त्यावर मी हटणार नाही.

देवराई: मूळ मुद्द्यावर या. सायटेस हा दुर्मिळ जीवांच्या व्यापारावर परवान्यांचं बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय करार. बेडोमी त्याच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे, बाकी सायकस दुसऱ्यात. सगळ्यांना सर्सिनॅलिस म्हटलं की डोंगरातून उपटलेला बेडोमी कागदावर सैल नियमांत बसतो. आणि सर्सिनॅलिस हे नाव हवं तसं ताणता येत नाही. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसचं १७५३ चं ते नाव, मलबारच्या वनस्पतींवर ग्रंथ करणाऱ्या रीडेच्या 'तोड्डा पन्ना' या झाडाच्या चित्रांना बांधलेलं आहे. मलबारच्या झाडाशी जुळतं तेच सर्सिनॅलिस.

खोडवा: परवान्याचा मुद्दा मी धरला नव्हता, 'सगळे एकच' हे मागे घेतो. पण इंडिका आणि स्वामी अजून गळी उतरत नाहीत. एकाच डोंगरावरच्या दहा माद्या घ्या, प्रत्येकीच्या पाच बीजपर्णांचे दाते, टोकाच्या काट्याची लांबी, बियांची मापं मांडा. एकाच डोंगरातला फरक दोन जातींमधल्या फरकाएवढा निघाला तर नाव मागे घ्यायचं.

देवराई: चालेल. पण मापं ताज्या बीजपर्णांची. दाबून वाळवलेल्यात कडा आक्रसतात, दाते मोडतात.