डिस्क गोल्फ: थाळी, तबकडी की चकती? आणि ‘होल’ला मराठीत काय?

पाटीपेन्सिल: नागपूरच्या सेमिनरी हिल्ससारख्या झाडीत नवख्यांना डिस्क गोल्फ (डिस्क हातानं फेकत कमीत कमी फेकींत टोपलीत पोचवायची, तो खेळ) खेळता यावं, म्हणून पानभर मराठी सूचना करतो आहे. तीन शब्दांवर गाडी अडली. ‘डिस्क’ला थाळी म्हणावं का? ‘होल’चं भोक केलं तर हसू येतं, कारण बागेत भोक कुठेच नसतं, साखळ्यांची टोपली असते. आणि डिस्क शेवटी डावीकडे ढळते त्या ‘फेड’ला काय म्हणायचं?

सागपान: थाळी नकोच. थाळीफेकीतली पुरुषांची थाळी २ किलोची. ही फार तर २०० ग्रॅमची, आणि लांब पल्ल्याची ‘ड्रायव्हर’ साधारण २१ सेंटिमीटर व्यासाची, १७५ ग्रॅमच्या आसपास. थाळी म्हटलं की नवखा खांद्यातून जोर काढतो आणि पहिल्याच सागावर आपटतो. चकती म्हणजे नळातल्या वायसरएवढी वस्तू डोळ्यांपुढे येते. ‘चक्री’ नागपुरात मांजाला देऊन टाकलेली आहे. तबकडी बरी: ग्रामोफोनची फिरते, ‘उडती तबकडी’ उडते, आपल्याला दोन्ही हवं. बोलताना मात्र सगळे ‘डिस्क’च म्हणणार, आणि ती स्त्रीलिंगीच राहणार. पानावर एकदा तबकडी लिहा, पुढे डिस्क चालू द्या.

क्रियापदाकडेही बघा. ‘फेक’ हे नाम मोजणीला उत्तम: तीन फेकींत टोपली. पण कृती सांगताना ‘सोडा’ लिहा, बाण सोडतात तसं. झाडीत जोरापेक्षा डिस्क हातातून सपाट सुटणं महत्त्वाचं. तिची पुढची कड वर राहिली की ती चढते, वेग मरतो, वरच्या फांदीत शिरते किंवा लवकरच डावीकडे पडते. बहुतेक वेळा कारण मनगट. किटलीतून चहा ओतताना मनगट जसं खाली वळतं तसं ठेवलं की कड खाली राहते.

काहूनबे: फेडला शब्द संक्रांतीत सापडते ना बाप्पा. पतंग एका बाजूला झुकून उडायला लागली की आपण म्हणतो ‘कन्नी खाते’. मग दुसऱ्या बाजूच्या कन्नीला चिंधी बांधून तोल साधतो. डिस्कही कन्नीच खाते. फरक एवढाच, की हिला चिंधी बांधता येत नाही, डिस्कच बदलावी लागते.

सागपान: शब्द झकास, पण डिस्क दोनदा कन्नी खाते, हे सांगायलाच हवं. उजव्या हातानं बॅकहँड सोडली तर ती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेगात असताना उजवीकडे झुकू शकते, तो ‘टर्न’. वेग ओसरला की डावीकडे, तो ‘फेड’. डावखुऱ्याचं उलट, आणि फोरहँडचंही उलट. म्हणून टर्न म्हणजे ‘पहिली कन्नी’, फेड म्हणजे ‘शेवटची कन्नी’. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंग, पहिली कन्नी, शेवटची कन्नी. ‘ग्लाइड’ला, म्हणजे डिस्क हवेत टिकून राहण्याला, ‘तरंग’ माझ्या मते ठीक आहे. झाडीत वेग ९-१२ची ड्रायव्हर काढू नका. तिला तेवढा हात मिळाला नाही तर ती सरळ जातच नाही, लगेच शेवटची कन्नी खाते. वेग २ ते ५ची पटर (जवळच्या फेकीची) किंवा मिडरेंज (मधल्या अंतराची) झाडांमधल्या बोळातून सरळ निघते.

काहूनबे: पतंग ‘झुकली’ की ‘झुकला’?

सागपान: पुण्यात झुकला, नागपूरच्या इतवारीत झुकली. पुढे चला.

धरमपेठी: ‘होल’विषयी. इथे होल म्हणजे टोपली नाही, सुरुवातीपासून टोपलीपर्यंतचा अख्खा तुकडा. नाव आलं गोल्फमधून. १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमचं मैदान झालं, आणि पुढे एड हेड्रिक यांनी साखळ्यांच्या टोपलीचं पेटंट घेतलं तेव्हाही तिचं नाव ‘पोल होल’च राहिलं. मराठीत ‘टप्पा’ सुचतो, पण डिस्क जमिनीवर आपटून उसळते तोही टप्पाच. ‘तिसऱ्या टप्प्यात टप्पा पडला’ असं लिहायचं का? ‘पल्ला’ घ्या. १८ पल्ल्यांचं मैदान, ७० मीटरचा पल्ला. सुरुवातीची सिमेंटची जागा म्हणजे सरळ ‘ओटा’. दोन झाडांच्या रांगांमधली वाट ‘बोळ’, ‘फेअरवे’ कशाला?

‘लाय’ला, म्हणजे पुढची फेक जिथून सोडायची त्या जागेला, ‘पडजागा’ नको, ‘ठाण’ घ्या. ठाण मांडणं म्हणजे पाय रोवून उभं राहणं, आणि नियमही नेमका तोच आहे. डिस्क थांबली की तिला टेकून, टोपलीच्या बाजूला, छोटी खुणेची चकती ठेवायची (हां, इथे चकती शोभते), मग डिस्क उचलायची. चकतीमागे २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब एवढी जागा म्हणजे ठाण. सोडताना एक पाय तिथे टेकलेला हवा. टोपली १० मीटरच्या आत असेल तर सोडल्यावर तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही.

काहूनबे: ठाणातली घाणेरी तोडता येते काय? काटे टोचतात.

धरमपेठी: नाही. जिवंत फांदी तोडायची नाही, वाकवून अडकवून ठेवायची नाही. पायाखालचा सुटा पाला, काड्या, दगड बाजूला करता येतात. ठाण आणि टोपली यांच्यामधलं मात्र काही हलवायचं नाही.

पाटीपेन्सिल: झाडात अडकली तर?

सागपान: नागपुरात ‘अटकली’ म्हणा, लगेच कळतं. तिच्या बरोबर खाली जमिनीवर ठाण धरायचं. आयोजकांनी आधी सांगितलं असेल तरच २ मीटरच्या वर अटकल्याची एक फेक दंड. सापडलीच नाही तर शोध सुरू केल्यापासून ३ मिनिटं, मग एक फेक दंड आणि आधीच्या ठाणावरून पुन्हा.

रंगाचंही पानावर लिहा. सागाची पानं गळतात तेव्हा थाळीएवढं वाळकं पान डिस्क झाकून टाकतं, त्यामुळे तपकिरी-पिवळी नको. पळस फुललेला असताना केशरीही नको. पावसाळ्यात हिरवी नको. गुलाबी किंवा आकाशी चालते. आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, कड वाकते, मग तीच डिस्क नव्यानंच कन्नी खाते.

पाटीपेन्सिल: मसुदा असा झाला: ‘पल्ला ४. पार ३. ओट्यावरून बोळात सपाट सोडा. साखळीला लागून खाली पडली तर पल्ला संपला असं धरत नाहीत, ती टोपलीत किंवा साखळ्यांत थांबली पाहिजे.’

धरमपेठी: ‘पार’ तेवढं बदला. बागेत ‘पार ३’ वाचून लोक तिसरा वडाचा पार शोधतील आणि त्यावर बसतील.

पाटीपेन्सिल: ‘अपेक्षित फेकी ३’ करतो.

काहूनबे: फलक मात्र पारावरच लावा. सावली हाय तिथे.