‘आधी कॉइलओव्हर, मग ट्रॅक’ म्हणे!

तिसरा_गिअर

काल ‘पहिला ट्रॅक डे’ (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस) या धाग्यावर बूस्ट_बाबांनी नव्या पोरांना फर्मान सोडलंय. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन), सेमी-स्लिक टायर (नक्षी कमी, पकड जास्त) आणि स्टेज वन रिमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून वाढवलेली पॉवर), एवढं केल्याशिवाय ट्रॅकवर पाऊल ठेवू नका. वर हेही, की ‘स्टॉक गाडी घेऊन येणारे फक्त इतरांच्या आड येतात’. स्टॉक म्हणजे कंपनीतून आली तशी. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन माझं भागेना, म्हणून वेगळा धागा.

बाबा, तुमच्या यादीचा खर्च लाखांत जातो. तेवढ्यात पोरगं पुण्याहून कोइम्बतूरला जाऊन येईल, ट्रॅकची फी भरेल, इन्स्ट्रक्टर शेजारी बसवेल, आणि वर चांगल्या ब्रेक पॅडचा सेट येईल. कोइम्बतूरचा करी ट्रॅक सगळा मिळून २.१ किलोमीटर. तिथे वाढवलेल्या पॉवरचं काय लोणचं घालायचंय?

नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवरची गोष्ट सांगतो. तिसऱ्या वळणातून बाहेर पडलं की किलोमीटरभर सरळ पट्टा, आणि त्याच्या शेवटी चौथं वळण, उजवं, अगदी आवळलेलं. रिमॅप केलेली एक ऑक्टाव्हिया माझ्या शेजारून सणसणत गेली. पुढच्याच लॅपला तोच गडी चौथ्याला सरळ रनऑफमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेरच्या मोकळ्या जागेत. पिटमध्ये आला तेव्हा पेडल तळाला टेकत होतं आणि पुढच्या चाकांतून जळका वास. विचारलं, ब्रेक ऑइल कधी बदललंस? म्हणे, ‘सर्व्हिसला बघतात ना ते.’

डॉट फोर जातीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तेच हवेतलं पाणी पिऊन बसलं की मानकाची हद्द १५५ अंशांवर येते. कॅलिपरमध्ये वाफ झाली की पाय वाफ दाबतो, पॅड दाबले जात नाहीत. त्या गड्याकडे इंजिनावर खर्चायला पैसे होते, ऑइलच्या डब्याला नव्हते.

आणि नवा माणूस वेळ घालवतो कुठे? ब्रेक लवकर आणि भीत भीत मारतो. वळणाच्या मधोमध पुन्हा दचकून मारतो. एपेक्सला, म्हणजे वळणाच्या आतल्या टोकाला, घाईने जातो आणि बाहेर पडताना रस्ता संपतो. याला कॉइलओव्हर काय करणार?

बूस्ट_बाबा

माझ्या नावाने धागा काढलात, आभारी आहे. मी लिहिलं त्यातलं सोयीचं तेवढं उचललंत. ब्रेक ऑइलचा उल्लेख केला नाही म्हणजे बदलू नका म्हणालो काय? पेट्रोल भरा असंही लिहिलं नव्हतं.

आता जरा गाडीचं बोलू. आपल्याकडे ट्रॅकवर येणाऱ्या दहातल्या आठ गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्पर एकाच खांबात असलेलं सस्पेन्शन). गाडी वळणात कलली की बाहेरचं चाक जमिनीवर सपाट राहत नाही, टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. कंपनीने दिलेला कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्यातला कल, नावापुरता. चार सेशन झाल्यावर स्टॉक पोलोचे पुढचे टायर बघा. आतली नक्षी शोरूममधल्यासारखी, आणि बाहेरचा खांदा गुळगुळीत. नवे टायर फुकट मिळतात का? पुढे अडीच अंशांचा निगेटिव्ह कॅम्बर दिला, म्हणजे चाकं वरून आत झुकवली, की तेच टायर कितीतरी जास्त दिवस जातात. गाडीचं नाक आत येतं ते वेगळंच. मी सांगतो तो खर्च टायरमध्ये वसूल होतो, हे कुणी लिहीत नाही. ‘ड्रायव्हर सुधारा’ असं लिहिलं की टाळ्या मिळतात.

उद्यमनगरकर

भावांनो, कोल्हापूरकडनं चार शब्द. आमच्याकडं मोहित्यांच्या ट्रॅकवर बारकी पोरं कार्ट चालवत्यात. कार्टला सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल नाही. मागचा अ‍ॅक्सल सरळ दांडा, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरत्यात. आतलं मागचं चाक वळताना उचललं नाही तर कार्ट वळतच नाही. ते चाक उचलतं ते स्टिअरिंग किती आणि कधी दिलं त्यावर. बारा वर्षांच्या पोराला हे अंगात भिनलेलं असतंय. मग तेच पोरगं गाडीत बसतंय आणि चाळिशीतल्या साहेबाला दोन-दोन सेकंदांनी मागं टाकतंय. साहेब बिचारा पिटमध्ये सस्पेन्शनच्या डॅम्परचे क्लिक मोजत बसलेला.

बाबांचं कॅम्बरचं खरं हाय. पण बाबा, तुम्ही रिमॅपबद्दल आता गप का बसलाय?

घाटरोड

तुम्हा लोकांना परवडतं म्हणून चालू आहे. आम्ही पहाटे पाचला ताम्हिणीत जातो. रस्ता मोकळा असतो, ट्रेल ब्रेकिंग (वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जाणं) तिथेच शिकलो. आणि सेटअपचं म्हणाल तर लाखभर घालायची गरजच नाही. चारी टायरमध्ये नायट्रोजन भरा. तापला तरी प्रेशर वाढत नाही, ग्रिप दिवसभर सारखी. सगळ्यात स्वस्त मॉड.

तिसरा_गिअर

ताम्हिणीत ट्रेल ब्रेकिंग? समोरून एसटी आली की तुमची रेषा कुठे जाते? तो लोकांचा रस्ता आहे, वळणापलीकडे दुचाकीवरचं कुटुंब असतं. असल्यांमुळेच ‘गाड्यांचा छंद’ म्हटलं की सोसायटीतले लोक तोंड वाकडं करतात.

रश्मी_रबरवाली

ताम्हिणीबद्दल तिसरा_गिअर बोलले तेवढं पुरे. माझा प्रश्न नायट्रोजनचा. मी टायरच्याच धंद्यात आहे आणि हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकते. ‘प्रेशर वाढत नाही’ हे चूक आहे, साफ चूक.

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. कुठलाही कोरडा वायू बंद जागेत तापला की दाब वाढतो, नायट्रोजनला त्यातून सूट नाही. हिशेब करा. गेजवर ३० पीएसआय, म्हणजे बाहेरच्या हवेचे १४.७ धरून ४४.७. सकाळी २७ अंश म्हणजे ३०० केल्व्हिन, टायरमधली हवा ७५ अंशांवर गेली की ३४८. गुणाकार केला की ५१.९ येतात, त्यातून १४.७ वजा करा. गेजवर ३७. सात पीएसआय वाढले, आत शुद्ध नायट्रोजन असला तरी.

घाटरोड

ताई, पुस्तकातलं ठीक आहे, पण मी स्वतः अनुभवलंय. नायट्रोजन भरल्यापासून गाडी हलकी चालते.

रश्मी_रबरवाली

हलकी?

बूस्ट_बाबा

रश्मीताई, गणित बरोबर असेल, पण मग रेसिंगमधले लोक वेडे आहेत का? तिथे बाटल्या भरभरून नायट्रोजन वापरतात.

रश्मी_रबरवाली

वेडे नाहीत, त्यांना कोरडा वायू हवा असतो. बाटलीतला नायट्रोजन कोरडा असतो, सहज मिळतो, आणि त्याच दाबावर पिटमधल्या, चाकांचे नट खोलणाऱ्या व्हीलगनही चालवता येतात. फरक पाण्याचा आहे. आत पाणी असेल तर तापल्यावर त्याची वाफ होते आणि दाब हिशेबापेक्षा जास्त चढतो. चारही चाकांत पाणी कमी-जास्त असलं तर प्रत्येक चाक वेगळं वागतं.

आता आपल्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा कंप्रेसर आठवा. टाकीच्या तळाला पाणी काढायची चावी असते. ती शेवटची कधी उघडली ते त्यालाही आठवत नसतं. पावसाळ्यात मी एकदा त्याला उघडायला लावली, तांबूस पाण्याची धार लागली. तुमच्या टायरमध्ये जातं ते हे. नायट्रोजनला पैसे देण्याआधी पंक्चरवाल्याला ती चावी उघडायला सांगा.

घाटरोड

म्हणजे साध्या हवेत पाणी असतं, आणि नायट्रोजन कोरडा. मग मी चूक काय बोललो?

उद्यमनगरकर

ह्यो गडी हरूनबी जिंकतोय!

तिसरा_गिअर

भरकटून धाग्याचं काश्मीर झालंच आहे तर हेही विचारून घेतो. ट्रॅकवर निघताना हवा किती ठेवायची? मी गार असताना २८ वर निघतो, गरम झाली की आपोआप ३५ च्या आसपास येते.

बूस्ट_बाबा

२८? स्टॉक पोलोला? पहिल्या दोन लॅपमध्ये साइडवॉल गुंडाळली जाईल. एक तर तुमच्याकडे कॅम्बर नाही, त्यात हवा कमी. मी ३४ वर निघतो.

रश्मी_रबरवाली

३४ वर निघालात तर गरम झाल्यावर ४१ च्या पुढे जाल, मग मधली नक्षी तापते आणि गाडी वळायलाच तयार होत नाही. दोघंही आकडे पाठ करून भांडताय. खडू घ्या. टायरच्या कडेवर, नक्षी संपून साइडवॉल सुरू होते तिथे, तीन ठिकाणी आडव्या रेघा ओढा. बऱ्याच टायरांच्या खांद्यावर छोटा त्रिकोण असतो, त्याच्यावरून रेघ गेली पाहिजे. पाच लॅप मारा, आत या आणि टायर गरम असतानाच बघा. खडू त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसला गेला तर हवा कमी आहे. त्रिकोणाला शिवलाच नाही तर जास्त आहे, थोडी सोडा. चारही चाकं वेगवेगळी मोजा. ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असतील तर डावा पुढचा टायर सगळ्यात तापलेला मिळेल.

आणि गेज स्वतःचं ठेवा. पंपावरच्या गेजवर विसंबून एक-एक पीएसआयचे वाद घालण्यात अर्थ नाही.

केदार_स्टुटगार्ट

इकडे बसून वाचतोय, मजा आली. माझ्याकडे पोर्श केमन आहे, अधूनमधून नॉर्डश्लायफला, म्हणजे नुरबुर्गरिंगच्या जुन्या लांब ट्रॅकला, जातो. २०.८ किलोमीटरचा लॅप. पब्लिक सेशनमध्ये टायमिंग चालत नाही, ओव्हरटेक फक्त डावीकडून. रेलिंगला ठोकलंत तर दुरुस्तीचं बिल तुमच्या नावावर येतं. एवढा मोठा ट्रॅक पाठ व्हायलाच वर्षं जातात, तिथे सेटअपचं काय घेऊन बसलात? इंजिन मधे असलेली गाडी वळणात अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडला की मागून फिरते. ते कुठल्याही कॉइलओव्हरने थांबत नाही, पाय हळू उचलायला शिकावं लागतं.

बाकी, भारतात अजून लोक विमा गृहीत धरून ट्रॅकवर जातात का?

बूस्ट_बाबा

झालं, जर्मनी आली. तुमच्या दारात रिंग आहे हो, आमच्या दारात खड्डे. चाकणला पोलो बनायची, मर्सिडीज अजून बनते, आणि गाडी पळवायची तर जा मद्रासला, कोइम्बतूरला नाहीतर थेट नोएडाला. इंदूरजवळ पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा टेस्ट ट्रॅक झाला. महाराष्ट्राला काय मिळालं? आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर कधीमधी ड्रॅग रेस. सरळ जा आणि परत या. बाराशे किलोमीटर जाऊन फी भरायची असेल तर माणूस म्हणणारच की गाडी तयार करूनच जातो. तुमच्यासारखं शनिवारी सकाळी उठून गेलो असतो तर मीही स्टॉक गाडी नेली असती.

तिसरा_गिअर

पहिल्यांदा पटेल असं काहीतरी बोललात. पण मग उलट बघा. वर्षात एखाददुसरीच खेप होणार असेल तर त्या दिवशी जास्तीत जास्त लॅप पदरात पडायला हवेत. नव्याने बसवलेल्या कॉइलओव्हरचा आवाज कुठून येतोय ते शोधत पिटमध्ये बसणारे मी पाहिलेत. स्प्रिंग बसवून गाडी दोन इंच खाली आणली की रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) त्याहून जास्त खाली जातं आणि गाडी कलायचा जोर उलट वाढतो. वर बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनच्या टोकाच्या रबरावर, आपटत राहते. मद्रासच्या सी-वनसारख्या (पहिलं वळण) वेगात घ्यायच्या उजव्याला असली उड्या मारणारी गाडी कोण सांभाळणार, पहिल्यांदा आलेलं पोरगं?

बूस्ट_बाबा

स्वस्तातल्या लोअरिंग स्प्रिंगचं माझ्या गळ्यात बांधू नका, मी कॉइलओव्हर म्हणालो होतो. पण ठीक आहे. ‘आड येतात’ हे जरा जास्त झालं, घ्या मागे. रिमॅप यादीत शेवटी टाकतो. कॅम्बर मात्र पहिल्याच दिवसापासून, यावर मी हटणार नाही.

तिसरा_गिअर

पहिल्या नाही, दुसऱ्या खेपेपासून. पहिल्या दिवशी पोरगं टायर खाण्याइतकं वेगात जातच नाही.

केदार_स्टुटगार्ट

विम्याचं कुणीच बोललं नाही.

रश्मी_रबरवाली

काय बोलणार? पॉलिसीच्या कागदावरच संयोजित रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ‘ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे’ असा वाद क्लेमच्या वेळी घालून बघा. मोडून परवडेल तेवढीच गाडी न्यावी.

नवी_स्विफ्ट

नमस्कार. मी ज्या धाग्यावर प्रश्न विचारला होता त्यावरूनच हे सगळं सुरू झालंय वाटतं. साधी स्विफ्ट आहे, पुढच्या महिन्यात करीला जातोय. दोन्ही धागे वाचून आता नक्की काय करू ते कळेना.

तिसरा_गिअर

ब्रेक ऑइल बदल, सर्व्हिस सेंटरवाल्याच्या समोर उभं राहून. तो ‘टॉप-अप केलंय’ म्हणेल, ऐकू नकोस. जुनं पूर्ण काढून नवं डॉट फोर. पॅड अर्ध्याहून कमी असतील तर नवे. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा शर्ट. डिकीतून जॅक, स्टेपनी, पाण्याच्या बाटल्या, आईने दिलेला डबा, सगळं बाहेर. ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) चालू ठेव, पण ते सारखं मधे पडायला लागलं तर समज की तू स्टिअरिंग जास्त ओढतोयस.

बूस्ट_बाबा

आणि खडू ने. सेशनच्या शेवटचा लॅप ब्रेकला हात न लावता हळू काढ, नाहीतर तापलेल्या डिस्कवर पॅडची छाप बसते आणि परतीच्या अख्ख्या हायवेवर स्टिअरिंग थरथरतं.

रश्मी_रबरवाली

ब्रेकला ‘पाय’ हो, बाबा. आणि पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. गिअरमध्ये ठेव, चाकाला दगड लाव.

घाटरोड

ट्रॅकवर दगड कुठून मिळणार?