रविवारी इनामगाव?

धाकटी वहिनी: चिनूला ताईचं सहावीचं जुनं पुस्तक सापडलंय, एनसीईआरटीचं. त्यात घोड नदीकाठचं इनामगाव आहे. हे आपल्या शिरूर तालुक्यातलंच ना काका? रविवारी नेऊन आणू का त्याला?

दादा: तेच ते. पण बघायला काय आहे तिथं? ऊसच ऊस.

मोठे काका: जमिनीच्या वर फारसं काही नाही, हे खरं. तरी पोराला न्याच. त्या काळ्या रानाखाली साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालंय. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८पासून पुढं कितीतरी हंगाम तिथं खणलं. १३०च्या वर घरं उघडी झाली. कुडाच्या भिंती, वर मातीचा गिलावा, चूल, धान्याला पेव. नदीच्या पुराचं पाणी वळवायला पाटसुद्धा काढलेला! पीक मुख्यतः जवाचं. आणि जांभळं, आवळे खायचे, चिनूसारखेच.

चिनू: आजोबा, पुस्तकात चार पायांचा रांजण आहे. आत माणूस का बसवलाय?

मोठे काका: गावाच्या मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर होतं, त्याच्या अंगणात तो सापडला. आत मांडी घालून बसवलेला पुरुष. घराला लागून धान्याचं कोठार. म्हणजे गावचा कारभारी असावा. बाकी मोठ्या माणसांना घरातच आडवं पुरायचे, घोट्यापासून पाय तोडून. गेलेला माणूस घर सोडून जाऊ नये, असं वाटत असेल त्यांना.

आत्या: आणि तान्ही मुलं?

मोठे काका: दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत बाळ. घराच्याच जमिनीखाली.

आत्या: वाचून गलबललं. आपल्याकडेही तान्हं मूल गेलं तर जाळत नाहीत, पुरतात. आईच्या पायाशीच ठेवायचे म्हणजे.

दादा: मग एवढं गाव उठलं कशानं?

मोठे काका: पावसानं. इ.स.पू. १०००च्या सुमारास हवा कोरडी होत गेली. चौकोनी ऐसपैस घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती हटली, शिकारीच्या जनावरांची हाडं वाढली. तरीही तीनेकशे वर्षं तग धरून राहिले लोक. इ.स.पू. ७००च्या आसपास गाव ओस पडलं. पर्जन्यछायेतला मुलूख हा, बहात्तरचा दुष्काळ आपण इथंच काढला दादा. मला ती माणसं परकी वाटतच नाहीत.

दादा: खरंय. अप्पा सुकडीच्या रांगेचं सांगायचे. मी गाडी काढतो.

मोठे काका: आधी येरवड्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय दाखवा, इनामगावच्या वस्तू तिथं आहेत. चिनू, मातीच्या डबीतली बिनडोक्याची देवी विचार. तिला आणि तिच्या बैलाला भोकं आहेत, काडी खोवून देवीला बैलावर बसवायचे. हे सगळं जमिनीखाली पुरलेलं मिळालं.

धाकटी वहिनी: मग शनिवारी संग्रहालय, रविवारी इनामगाव. वेळ फोन करून विचारते. आत्या, तुम्ही येताय ना?

आत्या: येते. भाकरी-पिठलं मी आणीन, नदीकाठी बसून खाऊ.