अर्धवट १/५ स्पिटफायर (उडणारं मॉडेल विमान) विकायचंय: शीटिंग (पंखावरचं पातळ बाल्सा लाकडाचं आवरण) पुरं करून की आहे तसंच?

बाल्साभुसा:
१/५ स्केल स्पिटफायर, विंगस्पॅन सव्वादोन मीटर (८८ इंच). लेझर-कट बाल्सा-प्लाय किट, प्लॅनसकट. पंखाच्या दोन्ही भागांना रिब्ज-स्पार (फासळ्या आणि लांब दांडे) बसलेत, खालचं शीटिंग झालंय, वरची बाजू उघडी. फ्यूजलाजवर (धडावर) निम्म्या पट्ट्या चढल्यात, शेपूट तयार. सोबत फायबरची काउल (इंजिनावरचं झाकण), कॅनोपी (पायलटवरचं पारदर्शक झाकण), हवेवरचे रिट्रॅक्ट (आत दुमडणारे चाकांचे पाय), न वापरलेलं ५५ सीसी पेट्रोल इंजिन आणि ८ सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी). वरचं शीटिंग उरकून, सँडिंग करून विकलं तर भाव वाढेल का? आणि सगळं एकत्र द्यावं की सुटं?

रिब_नंबर_सात:
शीटला हात लावू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे उलटं आहे. पंख बंद झाला की आतले सांधे दिसत नाहीत, आणि जाणता गिऱ्हाईक अनोळखी माणसाच्या बंद पंखावर दहा किलोचं विमान उडवत नाही.

फोटो काढण्याआधी दोन गोष्टी तपासा. प्रत्येक रिब चिमटीत धरून हलकेच पिळा. टक् आवाज आला तर सीएचा (सुपरग्लूचा) सांधा सुटलाय. तिथे पातळ इपॉक्सी सोडा. रिट्रॅक्टची प्लायची पाटी आणि फायरवॉल (इंजिन बसतं ती पुढची भिंत) इपॉक्सीनेच चिकटवलेली हवी. स्पिटफायरचे पाय अरुंद, लँडिंग जरा वाकडं झालं की पहिली ती पाटी उखडते. तिचा जवळून फोटो टाका.

दुसरं म्हणजे पीळ. एकाच बाजूला शीट असलेला पंख पावसाळ्यात हमखास वळतो. सपाट टेबलावर ठेवून इन्सिडन्स मीटरने (पंखाचा कोन मोजायचं साधन) रूट (धडाकडचं टोक) आणि टिप (बाहेरचं टोक) मोजा. दोन्ही पंखांच्या वॉशआउटमध्ये (टिपचा कोन रूटपेक्षा जितका कमी, तो पीळ) अर्ध्या अंशाहून जास्त फरक नको.

काटा_वजन:
इंजिन आणि सर्व्हो वेगळे विका. ते कुठल्याही मॉडेलला चालतात, गिऱ्हाईक लवकर मिळतं. रिट्रॅक्ट, काउल, कॅनोपी मात्र किटसोबतच. रिट्रॅक्टचा कोन याच पंखासाठी आहे, आणि दुसऱ्या किटची काउल बसवताना माणूस रडकुंडीला येतो. फायरवॉलला इंजिनची भोकं पाडली असतील तर मापं लिहा.

मजुरीचे पैसे कुणी देत नाही, ते विसरा. किट आणि सामानाच्या आजच्या किमतीच्या निम्म्यापासून बोलणी सुरू होतील.

जाहिरातीत शेपटीचं वजन ग्रॅममध्ये द्या. स्पिटफायरचं नाक आखूड, त्यामुळे मागे वाढलेल्या १० ग्रॅमला तोल साधायला पुढे साधारण २५ ग्रॅम शिसं लागतं. जाणकार आधी तोच आकडा विचारतो.

खोकेवाला:
कुरिअरचा विचार करत असाल तर आधी गणित करा. फ्यूजलाजचं खोकं १९० × ३५ × ४० सेंमी धरा. बऱ्याच कंपन्या घनफळाला ५००० ने भागतात, म्हणजे बिल ५३ किलोचं, आत माल जेमतेम सात किलो. त्यापेक्षा घेणाऱ्यालाच गाडी घेऊन बोलवा, नाहीतर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवा.

थर्माकोलमध्ये फॉर्मरच्या (धडातल्या आडव्या चौकटींच्या) आकाराच्या खाचा कापा, वजन फॉर्मरवर पडू दे, पट्ट्यांवर नको. पट्टीला पोचा आलाच तर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की बाल्सा फुगतो. प्लॅनची घडी घालू नका, पीव्हीसी पाइपात गुंडाळा. न वापरलेले भाग लेझर-कट शीटमधून सुटे करू नका आणि प्लॅनवर हायलायटरने खुणा करून काय कमी आहे ते दाखवा. कॅनोपी पिवळी पडली असेल तर तेही लिहा.

बाल्साभुसा:
मोजलं. डावीकडे वॉशआउट २ अंश, उजवीकडे अर्धाच.

रिब_नंबर_सात:
मग तेच पहिल्या ओळीत लिहा, आणि दुरुस्तीही: उजवा पंख बोर्डावर आवळून टिपच्या ट्रेलिंग एजखाली (मागच्या कडेखाली) पाचर द्यायची, मीटरवर २ अंश भरले की तसाच ठेवून वरचं शीट चिकटवायचं. पंख उघडा आहे म्हणून हे जमतंय.