टॅबलेट आडवा धरला की स्क्रीन उभी होते

प्रश्न: पुण्याच्या तपकीर गल्लीतून जुना टॅबलेट घेतला, फेडोरा (लिनक्स) टाकलं, सगळं मस्त चालतंय पण आडवा धरला की स्क्रीन उभी, उभा धरला की आडवी, आई त्यावर पोथी वाचते, मान वाकडी करून बसते बिचारी. काय करू?

उत्तर: टॅबलेट कसा धरलाय ते ओळखणारा सेन्सर चालतोय रे, फक्त त्याची चिप बोर्डावर फिरवून बसवलीये. टर्मिनलमध्ये मॉनिटर-सेन्सर ही कमांड चालवून सेन्सर काय दाखवतो ते बघ, मग एचडब्ल्यूडीबी फाइलमध्ये (हार्डवेअरची माहिती असते ती) माउंट मॅट्रिक्स, म्हणजे चिप कशी फिरलीये ते सांगणारे आकडे, टाक: 0, 1, 0; -1, 0, 0; 0, 0, 1. उलटं झालं तर पहिल्या 1 ची आणि -1 ची अदलाबदल कर. सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट ही कमांड चालव, मग रीबूट.

प्रश्नकर्ता: अदलाबदल केल्यावर झालं दादा!! आई खूश.

दुसरं उत्तर: आता ती मॅट्रिक्सची ओळ सिस्टमडीवाल्यांकडे (ही फाइल लिनक्ससाठी बनवणारे) पाठव, त्या मॉडेलवाल्या सगळ्यांनाच मिळेल.