किर्बी उलट्या दिशेने घरंगळतो, सेन्सर गेला का?

सक्करदरा४७:
नमस्कार मंडळी. मामेभावाने अमेरिकेहून येताना त्याची लहानपणीची एक कार्ट्रिज (मशीनमध्ये घालायची खेळाची डबी) माझ्या मुलीला आणून दिली. गेम बॉय कलर या हातात धरून खेळायच्या मशीनची, गुलाबी, आरपार दिसणारी, ‘किर्बी टिल्ट एन टंबल’. यात चालायला बटणं नाहीत. अख्खं मशीन कलतं करायचं, की किर्बी, म्हणजे खेळातला गडी, गोटीसारखा घरंगळतो. वर झटका दिला की उडी मारतो.

माझ्याकडे गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी आहे. त्यात घातलं की सगळं उलटं. उजवीकडे कललं तर हा डावीकडे जातो, माझ्याकडे कललं तर पलीकडे. पोरगी दोन दिवसांपासून खेळून राहिली आणि दर वेळी खड्ड्यात पडून राहिली. बर्डीवरच्या एका दुकानात दाखवलं, ते म्हणाले सेन्सर गेला, उघडून बदलावा लागेल. भावाची आठवण आहे हो ती. उघडू द्यावी का?

इतवारीचा_गेमर:
भाऊ, उघडायच्या आधी एसपीच उलटा धरून पाहा ना. चित्र उलटं दिसेल, पण दिशा बरोबर येईल.

पाणसळ:
दादा, उघडू देऊ नका! सेन्सर ठणठणीत आहे.

मी हिंगणा एमआयडीसीत मोजमापाची उपकरणं तपासते. बिघडलेला सेन्सर असा शिस्तीत वागत नाही. तो एका बाजूला ओढतो, अडकतो, नाहीतर एकच दिशा दाखवतो. तुमच्याकडे दोन्ही दिशा बरोब्बर उलट्या आहेत, म्हणजे मोजणारा नीट मोजतोय, त्याला बसवलंय उलटं.

कार्ट्रिजवर कागदाचा एक बाण चिकटवा, लेबलावरच्या अक्षरांच्या डोक्याकडे टोक करून. गेम बॉय कलरला कार्ट्रिज घालायची खाच वर असते, तिथे बाण तुमच्यापासून लांब रोखलेला राहील. एसपीला खाच खाली, तिथे तोच बाण तुमच्या पोटाकडे येईल. सेन्सर कार्ट्रिजच्या पोटात आहे, त्यामुळे तोही तिच्यासोबत अर्धा फेरा फिरला. हा खेळ जपानात २००० साली आला, अमेरिकेत २००१ ला. एसपी आला २००३ मध्ये. बनवणाऱ्यांसमोर खालची खाच नव्हतीच.

आत अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीची एडीएक्सएल२०२ ही कल मोजणारी चिप आहे. सिलिकॉनचा इवलासा तुकडा स्प्रिंगांवर टांगलेला असतो. मशीन कललं की तो तसूभर सरकतो आणि शेजारच्या पट्ट्यांशी त्याचं अंतर बदलतं. त्यावरून ‘खाली कुठे’ ते कळतं. हातात धरायच्या खेळण्यात त्या काळी एवढं बसवलं, मला आजही त्याचं फार कौतुक वाटतं.

इतवारीच्या भावांनी सांगितलं त्याने काम होणार नाही. मशीन फिरवलं की पडदा आणि कार्ट्रिज दोन्ही सोबतच फिरतात, दोघांचं आपसातलं नातं तेच राहतं.

माझ्याकडे ‘वॉरिओवेअर ट्विस्टेड’ हा दुसरा खेळ आहे. त्याच्याही कार्ट्रिजमध्ये सेन्सर, पण एसपीवर तो बिनतक्रार चालतो. कारण तो जायरो आहे, मशीन स्टीअरिंगसारखं किती फिरलं तेवढंच पाहतो. कार्ट्रिज वरून घाला की खालून, घड्याळाची दिशा बदलत नाही.

तुम्ही गेम बॉय कलर नाहीतर पहिला, आडवा अ‍ॅडव्हान्स शोधा. दोघांची खाच वर आहे.

इतवारीचा_गेमर:
ताई, बरोबर आहे तुमचं. आत्ता पाटीवर बाण काढून फिरवून पाहिलं, माझंच चुकलं. दादा, माझ्याकडे जांभळा अ‍ॅडव्हान्स पडून आहे. या घेऊन.

सक्करदरा४७:
काल संध्याकाळी इतवारीत जाऊन आणला. घातल्याबरोबर किर्बी सरळ चालला! दुकानदाराला फोन करून नाही म्हणून सांगितलं. ताई, कागदाचा बाण पोरीने काढूच दिला नाही, अजून लेबलावर आहे.

जुन्या अ‍ॅडव्हान्सच्या पडद्याला आतून उजेड नाही. दुपारी वाळ्याच्या ताट्या सोडल्या की घरात काही दिसत नाही. ऊन उतरलं की ती गच्चीवर जाते आणि पाण्याच्या टाकीला टेकून खेळते. काल जेवायला तीन हाका माराव्या लागल्या.