महायुद्धकाळातील 'होम फ्रंट' : अभ्यासक्रम लंडनपासून सुरू करावा की मुंबईपासून?

इतिहासशिक्षक : दुसऱ्या महायुद्धातील नागरी जीवनावर एम. ए.च्या विद्यार्थ्यांसाठी पंधरा आठवड्यांचा ऐच्छिक अभ्यासक्रम मी आखत आहे. ('होम फ्रंट'ला, म्हणजे युद्धकाळात देशातल्या नागरिकांच्या आघाडीला, 'गृहआघाडी' म्हटले, तर ती गृहनिर्माण संस्थेच्या निवडणुकीतली वाटते, म्हणून मूळ शब्दच ठेवला आहे.) पहिले पाच आठवडे ब्रिटनला द्यावेत असे माझे मत आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये शहरांतून खेड्यांत हलवलेली मुले, जानेवारी १९४० मध्ये लोणी, साखर आणि बेकनवर आलेले रेशन, डिसेंबर १९४१ च्या कायद्याने अविवाहित तरुणींना लागू झालेली सक्तीची युद्धसेवा, या सर्वांची साधने मुबलक आहेत आणि सामान्य माणसांनी त्या काळात लिहिलेल्या रोजनिशाही वाचायला मिळतात.

जुने दप्तर : साधने हाताशी आहेत म्हणून सुरुवात तिथून करायची, हे मला पटत नाही, कारण पहिल्या पाच आठवड्यांत जे शिकवले जाईल तेच विद्यार्थ्यांच्या मनात मोजमाप होऊन बसेल आणि भारत त्या मापात कुठे कमी पडला एवढेच पुढे पाहिले जाईल. ब्रिटिश सरकारला आपल्या मतदारांना सोबत ठेवणे भाग होते. इथे ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कायदेमंडळांना न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. १९४२ मध्ये, जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून, पूर्व बंगालच्या किनारी भागातील दहाहून अधिक माणसे नेऊ शकणाऱ्या नावा सरकारने काढून घेतल्या, आणि त्याबरोबर कोळ्यांचे व शेतकऱ्यांचे दळणवळणच तुटले. ज्या प्रजेवर तिच्याच सरकारचा विश्वास नाही, तिचा 'होम फ्रंट' लंडनच्या साच्यात बसवायचा कसा? रेशनचेच पाहा : मुंबईत ते मे १९४३ मध्ये आले, तर कलकत्त्यात जानेवारी १९४४ उजाडला, आणि मधल्या महिन्यांत बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली.

मोडीवाचक : आपला मुद्दा मान्य आहे, परंतु त्याच कारणाने ब्रिटन हवे. सरकार नागरिकांना कसे सांभाळू शकत होते हे ठाऊक नसेल, तर बंगालमध्ये काय केले गेले नाही, हे विद्यार्थ्याला दिसणारच नाही. ब्रिटनमध्ये युद्धाच्या सहा वर्षांत पावावर रेशन आले नाही, एवढी एक गोष्टही पुरेशी बोलकी आहे.

करवीरकर : या वादात संस्थाने कुणालाच आठवली नाहीत. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली ही माणसे इराणमार्गे इथे पोचली. त्यांचा 'होम फ्रंट' कोणता? शिवाय साधने केवळ दप्तरखान्यातच असतात असे नाही. तांबे वाचवण्यासाठी १९४३ पासून पाडलेला भोकाचा पैसा आजही जुन्या घरांत सापडतो. तो विद्यार्थ्यांच्या हातात द्या आणि त्याच्या मधल्या भोकाचे कारण त्यांनाच शोधू द्या.

इतिहासशिक्षक : भोकाचा पैसा पहिल्याच तासाला ठेवतो, आणि वळिवड्याला एक आठवडा देतो. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटासाठी त्या पंधरवड्याची वर्तमानपत्रे वाचायला लावीन, म्हणजे सेन्सॉरमुळे काय छापले गेले नाही, हे विद्यार्थी स्वतः शोधतील. दप्तरकारांचा आक्षेप मात्र मला अर्धाच पटला आहे : ब्रिटनचे पाच आठवडे तीनवर आणतो आणि ते बंगालच्या आधी न ठेवता नंतर ठेवतो. त्याहून कमी करणार नाही.

जुने दप्तर : क्रम बदललात, हे महत्त्वाचे झाले. आठवडे तीनही जास्तच आहेत.